वाचकांचे प्रश्न : कार्बाइनचा मध्यम स्तराचा वर्ग

प्रश्न : नेमबाजीचा प्राथमिक वर्ग पूर्ण करून मी शनिवार-रविवारच्या मध्यम स्तराच्या कार्बाइन (आखूड नळीची हलकी रायफल) वर्गाला जाणार आहे. कोणती तयारी करावी?

उत्तर : कार्बाइन आधीच ‘झिरो’ करून, म्हणजे नेम आणि गोळीचा मारा ठरावीक अंतरावर जुळवून न्यावी. एआर-१५ या अमेरिकी रायफलीच्या धर्तीच्या कार्बाइनवर दृष्टिरेषा नळीपेक्षा साधारण ६ ते ७ सेंटिमीटर उंच असते. त्यामुळे पाच-सात मीटरवर गोळी जवळजवळ तितकीच खाली लागते आणि आडोशामागून नेम धरताना लक्ष्य स्वच्छ दिसत असूनही नळी आडोशावरच रोखलेली असू शकते. या स्तरावर दुसऱ्या खांद्यावरून नेमबाजी आणि अडकलेले काडतूस काढणे यांचाही सराव असतो. सुटे मॅगझिन (काडतुसे भरायची पेटी), खांदापट्टा, कानांचे व डोळ्यांचे संरक्षण पुरेसे आहे. महागडी जोडसाधने (मोह होतोच) घरी ठेवावीत.