शेवटचा हप्ता देण्याआधी

ओटा बसला, ट्रॉल्या सरकू लागल्या की स्वयंपाकघर झालं असं वाटतं. पण मिस्त्रीचा शेवटचा हप्ता इतक्यात देऊ नका. आधी सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरा आणि पाणी एकदम सोडा. खालच्या कपाटात पाइपच्या सांध्याखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरा. थेंबभर गळलं तरी डाग उमटतो. ही गळती आज सापडली नाही तर पुढे प्लाय फुगतो, आणि मग सगळं कपाटच उचकटावं लागतं.

ओट्यावर तांब्याभर पाणी ओतून बघा. ते सिंककडे गेलं पाहिजे, भिंतीकडे नाही. ओटा आणि टाइल्सच्या सांध्यात पांढरं सिमेंट भरू देऊ नका, ते तडकतं, काळं पडतं. सिलिकॉनच भरून घ्या आणि 24 तास तिथे पाणी लागू देऊ नका.

सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो. यावर सुतार कितीही कुरकुरला तरी ऐकू नका. ओव्हनसाठी 16 अँपिअरचा प्लग आहे ना, तेही बघा. उरलेल्या चार-सहा टाइल्स माळ्यावर जपून ठेवा. तीच छटा पुन्हा मिळणं कठीण.