वही आधी परत करा

चिपळूणहून एका वडिलांनी लिहिलं आहे. मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला, गेल्या वर्षी ६१ टक्के. प्रोजेक्ट विहिरींच्या पाण्यातल्या जड धातूंवर. तिला पुढेही हेच करायचंय, वडिलांनी मात्र एमबीएची सीईटी ठरवली आहे. ते म्हणतात, "पाणी मशीनमध्ये घातलं की आकडा येतो, यात करिअर कसलं? महिनाभर राबून हिने सगळे आकडे स्वतःच रद्द केले. म्हणून प्रोजेक्टची वही मी कपाटात ठेवली आहे."

नमस्कार.

तुमच्या पत्रात मला ६१ टक्क्यांची काळजी वाटली नाही, त्या कपाटाची वाटली. पत्रभर 'आम्ही ठरवलं आहे' येतं, मुलीची इच्छा मात्र अर्ध्या ओळीत संपते. तिच्या मॅडमना तिच्या नकळत फोन करून 'यात स्कोप किती' असं विचारल्याचंही तुम्ही सांगता. तळमळ खरी आहे, कळतं मला. पण तिने कष्टाने लिहिलेली वही काढून घेणं याला मी जप्तीच म्हणेन. अशा घरात मुलं भांडत नाहीत, हळूहळू सांगायचंच बंद करतात.

आणि ज्याला तुम्ही तिचं अपयश म्हणता, तो प्रसंग मी दोनदा वाचला. विहिरीवर वापरलेल्या बादलीतच तिने डिस्टिल्ड वॉटर ओतलं, तेही नमुन्यांसारखंच तपासलं आणि त्यातही जस्त निघालं. बादली पत्र्याची, जस्ताचा मुलामा असलेली. म्हणजे विहिरीचं म्हणून मोजलेलं जस्त बादलीचं असू शकत होतं. ती गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं, मार्कही मिळाले असते. तिने स्वतः जाऊन मॅडमना सांगितलं. या कामाला लागणारा स्वभाव हाच, आणि तो शिकवून येत नाही.

'मशीन आकडा देतं' हे खरं, पण नळीतून जे आत जाईल त्याचाच देतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग. इतक्या बारीक मापात बाटलीचं झाकण, हातावरची धूळ, बादली, काहीही आकडा बिघडवतं. म्हणून प्लास्टिकच्या बाटल्या आधी आम्लात भिजवून ठेवायच्या, धातू बाटलीला चिकटू नयेत म्हणून नमुन्यात शुद्ध नायट्रिक आम्ल घालायचं आणि वाटेत काही मिसळतं का ते कळावं म्हणून कोरं डिस्टिल्ड पाणीही विहिरीपर्यंत नेऊन परत आणून तपासायचं. क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये शिशाच्या मोजणीवरून पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं दाखवलं. त्या कामात बाहेरचं शिसं जिथून तिथून नमुन्यात शिरत होतं, म्हणून त्याने धूळच येणार नाही अशी प्रयोगशाळा उभारली. पुढे समुद्राच्या पाण्यातल्या शिशाचे जुने आकडे कितीतरी फुगलेले निघाले, कारण त्यात जहाजाचं नि भांड्यांचं शिसं होतं. तुमच्या लेकीला तेच एका बादलीत सापडलं.

वाटा ओळखीच्याच आहेत: एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम किंवा सीयूईटी-पीजी या परीक्षा, मग संशोधन-प्राध्यापकीसाठी नेट. समुद्राचा अभ्यास करणारी गोव्याची एनआयओ, पर्यावरणावर काम करणारी नागपूरची नीरी या संशोधन संस्था म्हणजे याच विषयाची घरं. केंद्रीय भूजल मंडळातली केमिस्टची पदं यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भरतात. एक कडू गोष्टही सांगतो. नुसत्या बीएस्सीवर खासगी लॅबमध्ये अडकली तर पगार थोडा आणि दिवसभर नमुने उरकणं, एवढंच वाट्याला येईल. एमएस्सी सोडू नका.

एमबीएबद्दल मी काही सांगणार नाही. ते तिने विचारलेलं नाही. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, आणि ते तुम्ही आधी वाचू नका.

वही मात्र आजच द्या. प्लास्टिकची बादली घेऊन तिला त्याच विहिरींवर परत जायचं असेल, आणि कुठल्या विहिरीवर कधी गेली होती ते त्या वहीतच आहे.