पाहुणा घरून निघण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. हिडकल धरणाचे पाणी इतके उतरले आहे की त्यात बुडालेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडले आहे, दोन वळवांनी ओढ्यांच्या तोंडाशी लाल माती आणून ओतली आहे, उथळ कोपऱ्यांत पाणी हिरवे झाले आहे, आणि नेमक्या अशा वेळी कोल्हापूरची, गोव्याची आणि पुण्याची अशा तीन मंडळींनी गळाच्या मासेमारीसाठी तुझी होडी ठरवून आगाऊ रक्कम दिली आहे, हे सगळे तू नीट लिहिले आहेस. इंजिनाच्या कर्जाचा हप्ता पाच तारखेला आहे, हेही लिहिले आहेस. परंतु शेवटी "काका, पाण्याबद्दल त्यांना किती सांगू?" असे जे विचारले आहेस, त्यातल्या "किती" या शब्दाने माझी झोप उडाली. तीन माणसांना फोन करायचे आहेत आणि आठवडा झाला तरी तू एकही केलेला नाहीस.

तू कष्टाळू आहेस, प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवल्याशिवाय होडीचा दोर सोडत नाहीस, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल लिहिण्यात मी कागद घालवत नाही. ज्याच्या आजोबांचे शेत या धरणाखाली गेले, त्याला या पाण्याविषयी आपुलकी शिकवण्याचीही गरज नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: पाण्याची खरी स्थिती पाहुणा घरून निघण्यापूर्वी त्याला सांगितली पाहिजे. घाटावर उतरल्यावर सांगितलेले खरे त्याच्या काही उपयोगाचे नसते. तो पहाटे तीनला उठलेला असतो, कागल आणि निपाणी मागे टाकून आलेला असतो, गाडीत मुले पेंगत असतात, डबे भरलेले असतात. अशा वेळी तू "आज पाणी जरा गढूळ आहे" म्हणालास, तर तो "आलोच आहोत तर जाऊन येऊ" असेच म्हणणार. त्या होकाराला मी होकार मानत नाही, कारण नकार देण्याची त्याची सोय तू आधीच काढून घेतलेली असते.

सांगायचे तर आधी ठाऊक असावे लागते, आणि इथे मला तुझा राग येतो. "पाणी खराब आहे" एवढेच तू लिहिलेस. कशाने खराब आहे? धरणाची क्षमता ५१ टीएमसी आणि पूर्ण पातळी २१७५ फूट हे आकडे तुला पाठ आहेत, रोजची पातळीही तू वर्तमानपत्रात पाहतोस. पण पातळीवरून पाणी किती आहे एवढेच कळते, त्यात मासा कोणत्या अवस्थेत आहे ते कळत नाही. गढूळपणा, उष्णता आणि हिरवेपणा ही पाण्याची तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि पाहुण्याला प्रत्येकाबद्दल वेगळे सांगावे लागते.

गढूळपणाला मी सर्वांत कमी घाबरतो. मातीमुळे माशाला दिसत नाही, पण त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना जी संवेदनरेषा असते तिला पाण्यातली थरथर कळते, आणि शिंगाळ्यासारख्या मिशीवाल्या माशाला वास आणि चव पुरते. म्हणून चकाकणारे लूअर, म्हणजे ते खोटे आमिष, पेटीत ठेवून दे. गांडूळ लाव, किंवा शेंगदाण्याची पेंड घालून मळलेला कणकेचा गोळा तळाशी सोड; लूअर वापरायचेच असेल तर गडद रंगाचे आणि पाण्यात आवाज करणारे वापर. ओढ्याचे लाल पाणी जिथे धरणाच्या निवळ पाण्याला भिडते त्या रेषेवर होडी उभी कर, कारण वाहून आलेले किडे आणि दाणे तिथेच रेंगाळतात. गढूळपणा मोजताही येतो. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने १८६५ साली समुद्रात पांढरी थाळी सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहिले होते, आणि तलावांसाठी आज २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांची थाळी वापरतात. तुला ती विकत घेण्याची गरज नाही. स्टीलच्या ताटलीला रंग दे, मधोमध भोक पाडून खुणा केलेली दोरी बांध, खाली वजन लाव आणि ऊन वर आल्यावर होडीच्या सावलीच्या बाजूने सोड. ती हातभर खोलीच्या आतच दिसेनाशी झाली, तर लूअरवर मासा लागेल असे कोणालाही सांगायचे नाही, हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे.

उष्णतेचे मात्र तसे नाही. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो ७.५ मिलिग्रॅमच्या आसपास येतो, आणि उष्ण पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. अशा पाण्यात गळाशी झुंजून दमलेला कटला वर घ्यायचा, फोटोसाठी हवेत धरायचा आणि सोडून द्यायचा. तो पोहत जातो, पाहुणे टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच मासा वाऱ्याच्या काठाला पोट वर करून लागलेला असतो. मी असे मासे पाहिले आहेत आणि त्यांतले काही माझ्याच पाहुण्यांनी सोडलेले होते. म्हणून पहाटेच पाण्याचे तापमान ३० अंशांवर असेल, तर धरून सोडण्याची मासेमारी मी त्या दिवशी करत नाही. परवान्यात बसत असेल तर खाण्यापुरते दोन मासे धरावेत आणि गळ गुंडाळावा.

हिरवेपणा सर्वांत फसवा असतो. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्रभर तोच वापरते, त्यामुळे हिरव्या पाण्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. पहाट ही गळाची उत्तम वेळ, हा आपला पाठ केलेला नियम तिथे लागू पडत नाही. पहाटे मासे तोंड वर करून पृष्ठभागावर फिरताना दिसले, तर "बघा, किती मासे आहेत" असे पाहुण्यांना सांगणारे होडीवाले मी ऐकले आहेत. ते मासे गुदमरत असतात. मरळ माशाच्या उसळण्यावरूनही काही ठरवू नकोस, कारण तो हवेतूनच श्वास घेऊ शकतो आणि बिघडलेल्या पाण्यातही टिकतो. वळवाचीही एक खोड लक्षात ठेव. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, खालचे थंड राहते आणि तळाचा प्राणवायू हळूहळू संपतो. वादळी पावसाने सगळे ढवळले की ते निकस पाणी वर येते. अशा पावसानंतर दोन दिवस मी होडी काढत नाही, मग कोणीही आलेले असो. पण कोणी येतच नाही, कारण मी त्यांना घरून निघण्यापूर्वी सांगितलेले असते.

आता जे सांगायचे नव्हते ते सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी, अशाच मे महिन्यात, बेळगावचे एक निवृत्त शिक्षक नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन आले होते. फोनवर मी त्यांना "पाणी उत्तम आहे, या" असे सांगितले होते, आणि त्याआधी चार दिवस मी पाण्याकडे गेलोही नव्हतो. पहाटेपासून अकरा वाजेपर्यंत एकही मासा लागला नाही. मुलाने आधी दर पाच मिनिटांनी विचारले, मग विचारणे सोडले. तेव्हा मी त्यांना काठावर बाभळीखाली चहाला बसवले, "जरा पलीकडचे पाणी बघून येतो" म्हणून वळणापलीकडे गेलो, जाळे ओढणाऱ्या एकाकडून दीड किलोचा रोहू विकत घेतला, तो आमच्या गळाला लावून पाण्यात सोडला आणि मुलाला हाक मारली. मुलाने तो ओढला. त्याचा आनंद मी काय वर्णू? आजोबांनी मासा हातात घेतला, कल्ल्यामागे जाळ्याने खवले ओरबाडलेली रेघ होती तिच्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. ठरलेली रक्कम त्यांनी पुरी मोजून दिली आणि निघताना नातवाला म्हणाले, "काकांच्या पाया पड." तो मुलगा वाकला. माझ्या पायांना त्याच्या हातांचा झालेला स्पर्श मला आजही आठवतो. ते दोघे पुन्हा कधी आले नाहीत.

खोटे मी बाभळीखालून उठलो तेव्हा सुरू झाले नव्हते, ते फोनवर सुरू झाले होते. "या" म्हटल्यावर पुढचे सगळे आपोआप घडत गेले. म्हणून मी इतका हट्टाने त्या एका क्षणाबद्दल बोलतो, आणि म्हणून तुझ्या "किती"चे उत्तर एकच आहे: मोजलेले सगळे सांग, आणि पाहुणा घरून निघण्यापूर्वी सांग.

तू लिहिले आहेस की मला हे जमले कारण माझ्याकडे ऊस होता. दीड एकर ऊस होता, हे खरे आहे; पण उसाचे बिल कधी आणि किती हाती पडते, हे हुक्केरी-चिकोडी भागात वाढलेल्या मुलाने मला विचारू नये. त्यानंतरची कित्येक वर्षे एप्रिल-मे महिन्यांत माझी होडी उलटी पडून राहिली आणि घर तुझ्या काकूच्या शिलाई यंत्रावर चालले. होडीत भागीदार असलेल्या माझ्या भावाने आपला वाटा काढून घेतला. मी फोनवर खरे सांगून धंदा बुडवला, असे तो आजही म्हणतो. मी बुडवला नाही. धंदा लहान राहिला, एवढेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभा आणि मार्कंडेय या नद्यांचे पाणी गोकाकात शिरले आणि लोकांचे संसार वाहून गेले, त्याच सुमारास पुराबरोबर मोठे मासे आले असतील का, अशी मला विचारणा झाली. दिवाळीपर्यंत येऊ नका, असे मी उत्तर दिले आणि ती मंडळी दुसऱ्या कोणाच्या होडीतून गेली. ज्यांना आपण "येऊ नका" म्हणतो ते सगळे नंतर आपल्याकडेच येतात, असे मी तुला सांगणार नाही. निम्मेही येत नाहीत. फायद्यासाठी खरे सांगायचे असेल तर ते टिकत नाही.

माझ्या हाताखाली तुझ्याच वयाचा एक मुलगा होता. त्याने डिसेंबरच्या निवळ पाण्याचा जुना फोटो मे महिन्यात पाहुण्यांना पाठवला. मला कळले त्या संध्याकाळी, घाटावर सगळ्यांसमोर, मी त्याला कामावरून काढले. तो गोव्याला होड्यांवर कामाला गेला आणि नंतर आमची भेट झाली नाही. एकदा समज द्यायला हवी होती, असे पुष्कळांनी मला सांगितले. चारचौघांत बोललो ते कदाचित चुकले असेल. काढले ते चुकले नाही, कारण तो फोटो पाहून चार माणसे पुण्याहून निघाली होती आणि त्यांना वाटेत अडवून परत फिरवताना मला कोणते शब्द वापरावे लागले, ते त्याला काय ठाऊक? हे मी तुला लिहितो आहे की त्याला, हे लिहिता लिहिता मलाच कळेनासे झाले आहे.

तुझ्या तीन मंडळींचे असे कर. पुण्याच्या लोकांना मोठा कटला धरून, फोटो काढून सोडायचा आहे. त्यांचे नाव या महिन्यातून काढ आणि आगाऊ रक्कम आजच परत पाठव. जून लागला की कटला, रोहू, मृगळ यांची वीण सुरू होते, त्यामुळे पावसाळ्यातलीही तारीख देऊ नकोस, नोव्हेंबरनंतरची दे. गोव्याचे लोक जाणते आहेत आणि त्यांना मरळ हवा आहे. त्यांना ताटलीची खोली, पहाटेचे तापमान आणि हिरवे पाणी कुठे आहे, एवढे सांग आणि निर्णय त्यांच्यावर सोड. आले तर अट आधीच घाल की पिल्लांचा लालसर घोळका दिसेल तिथे गळ टाकायचा नाही, कारण मरळ आपली पिल्ले राखत असतो आणि तो गेला की घोळका इतर माशांच्या तोंडी जातो. कोल्हापूरच्या कुटुंबाला सांग की मोठा मासा मिळणार नाही. दगडी काठाशी कणकेच्या गोळ्यावर मुलांना चिलापी मिळू शकेल, नऊ वाजता परत फिरावे लागेल आणि पैसे अर्ध्या दिवसाचे घेतले जातील. एवढे ऐकूनही ते आले, तर आनंदाने ने.

हप्त्यासाठी या वेळी मी काही रक्कम देतो. ती दिवाळीनंतर परत कर आणि याबद्दल पुन्हा पत्रात लिहू नकोस. ताटलीला तैलरंग लाव, साधा रंग दोन दिवसांत सुटतो. शनिवारी पहाटे पाच वाजता मी घाटावर येतो आहे. तोपर्यंत तिन्ही फोन झालेले असावेत.

तुझा,
काका