आधी तारखा, मग भूमिका

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं, सोबतचं प्रकरणही वाचलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा स्पेनचा पंतप्रधान अंतोनिओ माउरा, त्याच्यावर प्रबंध लिहायला घेतलास आणि ऐन मध्यावर अडलीस. एका पुस्तकात तो अराजकवादी शिक्षक फेरेरचा मारेकरी आहे, दुसऱ्यात स्पेनच्या राजेशाहीतला शेवटचा सचोटीचा पुराणमतवादी. मार्गदर्शक म्हणतात भूमिका घ्या, आणि तू मला विचारतेस, कोणती घेऊ?

इतक्यात कुठलीच घेऊ नकोस. आधी तारखा लाव.

तुझ्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर १९०९ आहे. का? माणूस जन्मला १८५३ मध्ये, मायोर्काच्या पाल्मा शहरात. पंधराव्या वर्षी कायदा शिकायला माद्रिदला आला तेव्हा त्याच्या बेटावरच्या बोलण्याला वर्गातली मुलं हसत. त्याच माणसाकडे १९१३ मध्ये स्पॅनिश भाषेच्या राजमान्य अकादमीचं अध्यक्षपद आलं आणि मरेपर्यंत राहिलं. हे तू तळटीपेत टाकलंस! या माणसाचा हट्ट कुठून आला हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने सुरुवात तिथूनच करायला हवी.

पुढे चल. तू त्याला सरसकट ‘पुराणमतवादी नेता’ म्हणतेस. १८९३ मध्ये तो वसाहतमंत्री होता आणि होता उदारमतवादी पक्षात, मेहुण्याच्या, गामासोच्या गटात. स्पेनची वसाहत असलेल्या क्यूबाला स्थानिक कारभारात मोकळीक देणारा मसुदा त्याने तेव्हा संसदेत आणला. क्यूबातलं युद्ध पेटलं १८९५ च्या फेब्रुवारीत, आणि बेट हातचं गेलं १८९८ मध्ये. म्हणजे आग लागायच्या दोन वर्षं आधी हा माणूस पाणी घेऊन उभा होता, आणि त्याला अडवणाऱ्यांत त्याच्या स्वतःच्या पक्षातलेही होते. तो मंत्रिपद सोडून गेला. ही दोन वर्षं पानावर मांडलीस की तुझा अर्धा गोंधळ तिथेच संपतो. सिल्वेलाच्या पुराणमतवादी पक्षात तो आला त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९०२ मध्ये.

आणि १९०३ ची निवडणूक! तेव्हाची रीत तुला ठाऊक आहे. राजा आधी सरकार बदलायचा, मग गृहमंत्री कुठून कोण निवडून येणार याची यादी करायचा आणि गावोगावचे बडे पुढारी ती यादी पार पाडायचे. माउरा गृहमंत्री झाला आणि त्याने ही ढवळाढवळ बरीच आवरली. माद्रिद आणि बार्सेलोनात प्रजासत्ताकवादी जिंकले, राजवाडा नाराज झाला. तुझ्या प्रकरणात याला एकच वाक्य मिळालंय.

आता लगेच त्याची आरती करू नकोस. १९०७ ची निवडणूक त्याच्याच पंतप्रधानपदाखाली झाली, गृहमंत्री होता हुआन दे ला सिएर्वा, आणि बहुमत आलं ते जुन्याच वाटेने. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या निवडणूक कायद्याने मतदान सक्तीचं केलं. पण त्याचं २९ वं कलम नीट वाच. जितक्या जागा तितकेच उमेदवार असतील, तर मतदान न घेताच निवड. कायदा पुढाऱ्यांना वेसण घालायला आणलेला, आणि हे कलम त्यांच्याच पथ्यावर पडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १९०३ चा माणूस आणि १९०७ चा माणूस एकमेकांशेजारी ठेव, त्यांच्यातली चार वर्षं भर, आणि मग बोल.

तारखांपाशीच एवढा अडून का बसतो, असं तुला वाटत असेल. मला हे आयुष्यभर ऐकावं लागलंय. विभागात मला पंचांगकर्ते म्हणायचे. एका प्रकाशकाला पुरोगामी आणि प्रतिगामी असे दोन कप्पे पाडून युरोपचा इतिहास हवा होता. मी कालपट घेऊन गेलो, त्यांनी पुस्तक दुसऱ्याला दिलं. ते पुस्तक माझ्या हातून व्हायला हवं होतं, ही रुखरुख आजही आहे. पण त्या दोन कप्प्यांत माउराला कुठे बसवला असता? १९०४ मध्ये रविवारच्या सुट्टीचा कायदा त्याच्या सरकारने केला, १९०८ मध्ये कामगारांच्या निवृत्तिवेतनासाठी राष्ट्रीय संस्था उभी केली. मी नकार दिला ते बरोबरच केलं, आणि आज तुला तेच सांगतोय.

आता १९०९. इथे घाई केलीस तर मी वाचणार नाही. जुलैमध्ये उत्तर आफ्रिकेतल्या, स्पेनच्या ताब्यातल्या मेलियाजवळ रेल्वेच्या कामगारांवर हल्ला, राखीव दलातल्या संसारी माणसांना बोलावणं, बार्सेलोनाच्या बंदरातून त्यांची रवानगी, २६ जुलैला संप, मग चर्च आणि मठांची जाळपोळ. या दंगलीचा सूत्रधार ठरवून फेरेरला लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली, १३ ऑक्टोबरला मोंजुइकच्या किल्ल्यात गोळ्या घातल्या. सरकारने दयेची शिफारस केली नाही. हा डाग आहे, तो पुसायचा नाही. पण ‘बार्सेलोनाचा माउराद्वेष या फाशीतून जन्मला’ असं तू लिहिलंस ते चूक. पहिली गोष्ट, ती फाशी नव्हती. दुसरी, त्याच शहरात माउरावर सुरीहल्ला झाला तो १९०४ च्या एप्रिलमध्ये, साडेपाच वर्षं आधी. तारीख पाहिली असतीस तर हे वाक्य लेखणीतून उतरलंच नसतं.

राजाने, म्हणजे अल्फोन्सोने, १९०९ च्या त्याच ऑक्टोबरात माउराचा राजीनामा स्वीकारला. इथेही मागे जा, १९०४ च्या डिसेंबरकडे. लष्कराच्या मुख्यालयाचा प्रमुख कोण, एवढ्या एका नेमणुकीवर अठरा वर्षांच्या अल्फोन्सोने सही नाकारली आणि माउराने पंतप्रधानपद सोडलं. राज्यघटनेत मंत्रिमंडळाचा शब्द कुठवर चालतो, हा झगडा तेव्हापासूनचा आहे. १९१३ मध्ये राजाने सरकार बनवायला माउराच्याच पक्षातल्या दातोला बोलावलं, पक्ष फुटला, तो याच ओळीत. १९२३ मध्ये सत्ता बळकावणाऱ्या जनरल प्रिमो दे रिव्हेराने संसद गुंडाळली तीही. डिसेंबर १९२५ मध्ये माउरा गेला तेव्हा ज्या संसदेसाठी भांडला ती बंदच होती.

तू हुशार आहेस, म्हणूनच रागावतो. प्रस्तावना बाजूला ठेव, मार्गदर्शकांना महिनाभर थांबायला सांग. १८९२ ते १९०९ चा कालपट कर. डावीकडे संसदेतले मसुदे, उजवीकडे राजवाड्यातले निर्णय, मधे रस्त्यावर काय चाललं होतं ते. १९०७ मध्ये स्पेनसाठी आणलेला स्थानिक कारभाराचा मसुदा दोन वर्षं संसदेत रेंगाळून बुडाला, त्याला वेगळं पान दे, कारण कातालोनियाचा, म्हणजे बार्सेलोना ज्या प्रदेशात आहे त्याचा, पुढचा सगळा प्रश्न त्यात आहे. एवढं झालं की मला पाठव, आणि भूमिकेचं आपण त्यानंतर बोलू.

तुझा,
काका