आर१टीसाठी घरचा जॅक-संच: जॅक सगळ्यात शेवटी घ्या

तुमचा प्रश्न असा आहे: सेकंड-हँड रिव्हियन आर१टी, म्हणजे अमेरिकी इलेक्ट्रिक पिकअप ट्रक घेतला, त्याच्यासोबत ना स्टेपनी आली ना जॅक. डेन्व्हरहून युटातल्या मोॲबला जाऊन व्हाइट रिम रोड हा खडकाळ कच्चा रस्ता करायचा आहे. जुन्या टोयोटा कॅमरी कारचा स्क्रू जॅक घरात पडून आहे, तो चालेल का? की फुग्याचा जॅक घ्यावा? नसेल तर सुटं सामान आणून संच कसा जुळवायचा?

कॅमरीचा जॅक चालणार नाही. तो ज्या गाडीसोबत आला तिचं वजन दीड-पावणेदोन टनांच्या घरात असतं. चार मोटरवाली आर१टी रिकामीच सव्वातीन टनांच्या आसपास भरते, आणि माणसं-सामान धरून तिची परवानगीची मर्यादा ८,५३२ पौंड, म्हणजे साधारण ३,८७० किलो आहे. भरलेल्या गाडीचा एक कोपरा उचलायचा म्हणजे जॅकवर टनभर भार येणार, आणि जमीन जरा तिरकी असेल तर त्याहून जास्त. जॅकवर किमान ३ टन लिहिलेलं हवं. हे सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे. पण लोक इथेच थांबतात आणि थेट दुकानात जाऊन जॅक उचलून आणतात. माझं म्हणणं उलट आहे. आधी फूटपट्टी घ्या, मग पाट, म्हणजे जॅकखाली ठेवायची रुंद फळी, तयार करा, आणि जॅक शेवटी.

जॅक फसतो तो बहुतेक वेळा ताकदीने नाही, उंचीने. टायर बसला की जॅक लावायची जागा खाली येते. तुमच्या गाडीला २० इंची रिम आणि २७५/६५ टायर असेल तर टायरची बाजूची भिंत जवळजवळ १८ सेंटिमीटर आहे. २१ इंचीला २७५/५५ असतो, त्याची १५. २२ इंचीला २७५/५०, त्याची पावणेचौदा. पूर्ण हवा गेल्यावर रिम दुमडलेल्या रबरावर टेकते, म्हणून एवढं सगळं जात नाही, पण २० इंचीत ११-१२ सेंटिमीटर सहज जातात. जॅक लावायच्या जागेच्या नेहमीच्या उंचीतून ही घट आणि जॅकखाली घालायच्या फळीची जाडी वजा करा. जी उंची उरेल तिच्यात बाटली जॅक (बाटलीच्या आकाराचा, तेलाच्या दाबावर उचलणारा) मिटलेल्या अवस्थेत शिरला पाहिजे. साधा बाटली जॅक मिटूनही २० सेंटिमीटरच्या आसपास असतो. जॅक आणि स्टँड एकत्र असलेला जो प्रकार ऑफ-रोडवाल्यांत लोकप्रिय आहे, तो तर त्याहून उंच. चांगल्या टायरवर तो मस्त बसतो आणि बसलेल्या टायरवर गाडीखाली शिरतच नाही. दुकानात हे कळत नाही, जंगलात कळतं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, दोन टप्प्यांत उघडणारा बाटली जॅक. तो मिटल्यावर बुटका होतो आणि उघडल्यावर जास्त वर जातो. वरच्या टोकाला स्क्रू असतो, तोही वाढवता येतो. दुसरा उपाय फुकटचा आहे आणि मला जास्त आवडतो: एक जाड फळी, एका टोकाला तिरपी कापलेली. बसलेलं चाक हळूच त्या फळीवर चढवायचं. तेवढ्यात टायरचं जे व्हायचं ते झालेलंच असतं, फूटभर पुढे गेल्याने काही बिघडत नाही, आणि चार सेंटिमीटर उंची आयती मिळते. होम डेपोच्या हार्डवेअर दुकानात ‘दोन बाय दहा’ म्हणून जी फळी मिळते ती प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच रुंद असते. ती या कामाला नेमकी आहे.

आर१टीत आणखी एक सोय आहे, ती म्हणजे एअर सस्पेन्शन. जॅक लावण्याआधी गाडी वरच्या उंचीवर घेतली की दोन फायदे होतात. खाली जागा मिळते, आणि चाक आधीच बरंच खाली लोंबलेलं असल्याने जमिनीवरून सुटायला जॅकला कमी उचलावं लागतं. पण उंची घेतल्यावर सस्पेन्शनचं आपोआप समतल होणं पडद्यावरच्या सेटिंगमधून बंद केल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. जॅकवर असलेली गाडी स्वतःहून आपली पातळी सुधारायला लागली तर काय होईल याची कल्पना करा. या दोन गोष्टींचा क्रम आणि मेनू मॅन्युअलमध्ये पाहून घरी एकदा करून बघा, कारण सॉफ्टवेअर अपडेटनंतर मेनू इकडचे तिकडे होतात.

आता पाट. संचातली हीच एक वस्तू खऱ्या अर्थाने घरची, आणि तिच्यावर कंजुषी नको. बाटली जॅकचं बूड साधारण १० बाय ११ सेंटिमीटर असतं, म्हणजे ११० चौरस सेंटिमीटर. टनभर भार त्यावर आला की दर चौरस सेंटिमीटरला नऊ किलो दाब होतो. मोॲबच्या वाळूत तो सरळ रुतेल, जुलैतल्या तापलेल्या डांबरातही रुतेल. तोच जॅक ३० बाय ३० सेंटिमीटरच्या पाटावर ठेवला की दाब १.१ किलोवर येतो. १८ मिलिमीटरच्या प्लायवुडचे दोन तुकडे घ्या. रेषा एकमेकींना आडव्या येतील असे सरस लावून चिकटवा, कडेने स्क्रू मारा. खालच्या बाजूला जुन्या रबरी मॅटचा तुकडा चिकटवा, म्हणजे खडकावर घसरत नाही. वर जॅकच्या बुडाच्या मापाची पातळ पट्ट्यांची चौकट ठोका, म्हणजे जॅक सरकणार नाही. शनिवारच्या एका दुपारचं काम आहे.

जास्त उंची हवी असेल तर लाकडी ठोकळे आडवे-उभे रचा, एकावर एक उभा मनोरा नको. आणि वीट किंवा सिमेंटचा पोकळ ब्लॉक तर कधीच नाही. लाकूड चिरडायच्या आधी करकरतं. ब्लॉक न सांगता फुटतो.

जॅक लावायचा कुठे, यात इलेक्ट्रिक ट्रक आणि आपल्या जुन्या गाड्या यांच्यात खरा फरक पडतो. आर१टीच्या पोटाखाली पुढच्या-मागच्या चाकांमध्ये सपाट, मजबूत दिसणारा भाग आहे. अंधारात, घाईत, तिथेच जॅक लावायचा मोह होतो. त्या पत्र्याच्या वर बॅटरी आहे. तिला खालून रेटा बसला तर ते नुकसान टायरच्या कितीतरी पट, आणि सेल चेपले गेले तर आगीची भीती वेगळीच. मॅन्युअलमध्ये चार बिंदू दाखवले आहेत, फक्त तिथेच. गाडी एकदा धुऊन, खाली आडवं पडून ते चारही शोधा आणि बाहेरून दिसेल अशी कडेला रंगाची खूण करा. नारंगी केबल दिसली तर ती उच्च दाबाची, तिच्या आसपास लोखंड न्यायचं नाही. जॅकचं डोकं आणि गाडी यांच्यामध्ये कडक रबराची चकती ठेवा. आइस हॉकीची पक या कामाला अगदी झकास.

अनेक जण विचारतात, जॅक स्टँड न्यायचा का? घरी चाकं फिरवायला अवश्य. रस्त्यात अडचण अशी की ज्या बिंदूवर स्टँड लावायचा तिथे आधीच जॅक असतो. त्यावर जुना, ड्रायव्हर मंडळींचा उपाय अजून उत्तम आहे: गाडी थोडी उचलली की स्टेपनी आडवी करून जॅकजवळ, बाजूच्या चौकटीखाली सरकवायची. बॅटरीखाली नाही. पंक्चर चाक निघालं की दोन्हींची अदलाबदल. जॅक सटकलाच तर गाडी चाकावर बसते, तुमच्या हातावर नाही. काहीही झालं तरी शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली घालायचा नाही.

पाचरी दोन हव्यात. जे चाक उचलणार त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून. पार्किंग ब्रेकची पकड मागच्या चाकांवर असते, त्यामुळे मागचं एक चाक हवेत गेलं की ती निम्मी होते. चार बाय चारचा लाकडी तुकडा तिरका कापला की पाचर तयार. उतारावर मात्र पाचरींच्या भरवशावर जॅक लावू नका. टायर चिंध्या झाला तरी चालेल, गाडी सपाटीवर घ्या.

पाना. नट घट्ट करायचं माप १७५ न्यूटन-मीटर, म्हणजे १२९ फूट-पौंड. ६० सेंटिमीटरचा लांब दांडा असेल तर टोकाला ३० किलो जोर लावून नट सुटेल. गंजला असेल तर जास्त. कारसोबत येणाऱ्या वीतभर पान्याने ते होत नाही, लोक त्यावर उभे राहून उड्या मारतात आणि नटाचे कोपरे घासतात. अर्ध्या इंचाचा ब्रेकर बार (सॉकेट लावायचा लांब, मजबूत दांडा) घ्या, पातळ भिंतीचा खोल सॉकेट घ्या आणि तो तुमच्या नटावर घरीच बसवून पाहा. नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे. परत कसताना आधी हाताने पाच-सहा आटे, मग चांदणीच्या क्रमाने, शेवटी चाक टेकवून टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या मापापर्यंतच कसता येणाऱ्या पान्याने. बॅटरीवरची इम्पॅक्ट गन सोडवायला चालते, शेवटचं कसायला नाही. ८० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क तपासा.

चाक स्वतः ३० किलोच्या वर असतं, ते उचलून बोल्टवर बसवताना कंबर धरते. जमिनीवर बसा, टायरखाली छोटी पहार किंवा फावड्याचं पातं सरकवा आणि त्याने तरफ द्या.

स्टेपनीबद्दल: २० इंची टायरचा पूर्ण व्यास ८६५ मिलिमीटर, २१ आणि २२ इंचीचा ८३५ च्या आसपास. म्हणजे स्वस्तात मिळाली म्हणून २२ इंची स्टेपनी २० इंची गाडीला घेऊ नका. एक चाक साडेतीन टक्के जास्त वेगाने फिरेल आणि ट्रॅक्शन कंट्रोल गोंधळेल. चाकं बदलणाऱ्या मालकांकडून जुनी मिळतात, त्याच मापाचं एक घ्या. मागच्या हौद्याच्या फळीखाली तिची जागा आहेच.

आणि हे सगळं करण्याआधी पंक्चरची दोरी, सुई आणि पक्कड घ्या. तळाला घुसलेला खिळा किंवा काटा असेल तर चाक न काढता दोरी भरून ४८ पीएसआय हवा मारली की काम संपतं. तुमच्या गाडीच्या हौद्यात कंप्रेसर असेल तर उत्तम, सगळ्या आर१टींना तो नाही. नसेल तर चांगला १२ व्होल्टचा घ्या. जॅक लागतो तो खडकाने टायरची बाजू फाडली तर. व्हाइट रिमवर नेमकं तेच होण्याची शक्यता जास्त. तो रस्ता सुमारे १०० मैलांचा, कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या आत, आणि तिथून गाडी ओढून आणायचं बिल हजार डॉलरच्या वर जातं. त्यात आपली गाडी चाकांवर ओढता येत नाही, चाकं फिरली की मोटरही फिरते. सपाट पाठीचाच ट्रक लागतो.

तुम्ही विचारलेला फुग्याचा जॅक, जो सायलेन्सरच्या नळीला जोडून फुगवतात, तो आपल्याला निरुपयोगी. धुराची नळीच नाही! कंप्रेसरने फुगणारे मिळतात, पण फुगा रुंद असतो आणि सपाट पोटाखालीच बसू पाहतो, म्हणजे पुन्हा बॅटरी. शेतात वापरतात तो उंच दात्यांचा जॅकही नको. त्याला अडकायला लोखंडी बंपर लागतो, तो या गाडीला नाही.

हे सामान ठेवायला गिअर टनेल, म्हणजे केबिन आणि हौद्याच्या मधला आडवा बोगद्यासारखा कप्पा आहे. बाटली जॅक उभाच ठेवा, आडवा पडला तर तेल गळतं, आणि पट्ट्याने घट्ट बांधा.

आता एवढं करा: गाडी सपाट जागी उभी करून सर्वात खालच्या, नेहमीच्या आणि सर्वात वरच्या सेटिंगवर पुढच्या व मागच्या जॅक बिंदूची जमिनीपासूनची उंची मोजा. टायरच्या मापासह हे आकडे इथे लिहा, मग किती बुटका जॅक लागेल ते सांगतो. तोपर्यंत पाट बनवून ठेवा.