टीबीच्या गोळ्या चालू, खोकला काही जाईना

वडील ५८ वर्षांचे, बिडी आयुष्यभर. एक्सरेत डाग दिसला म्हणून तीन महिने झाले टीबीच्या गोळ्या चालू आहेत, थुंकीत काहीच निघालं नव्हतं. वजन उतरतंय. कोर्स पूर्ण होऊ द्यावा का? (हिंगोली)

नाही दादा, वाट बघू नका, हा फुफ्फुसाचा कॅन्सरही असू शकतो. आपल्याकडं टीबी लई, त्यामुळं डाग दिसला की डॉक्टरच्या डोक्यात आधी टीबीच येतो, माझ्याही येतो, त्यात चूक काही नाही. गडबड होते ती पुढं. थुंकी निगेटिव्ह, सीबीनॅट (टीबीची मशीनवरची तपासणी) निगेटिव्ह, तरी गोळ्या चालू, आणि दोन महिन्यांनी ना वजन वाढलं ना डाग कमी झाला, तर तेव्हाच छातीचा सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी व्हायला पाहिजे होती. माझ्याकडं असे पेशंट येतात, हातात टीबीचं कार्ड असतं आणि आवाज बसलेला असतो, म्हणजे गाठ आवाजाच्या नसेपर्यंत गेलेली असू शकते. गोळ्या मनानं बंद करू नका, सगळे एक्सरे घेऊन नांदेडच्या मेडिकल कॉलेजात छातीच्या ओपीडीला दाखवा. आणि हो, सुई टोचून तुकडा काढला की कॅन्सर पसरतो ही भीती सोडा. तुकड्याशिवाय औषधच ठरत नाही, त्याचा ब्लॉक (मेणात बसवलेला तो तुकडा) जपून ठेवा, ईजीएफआर म्हणजे कॅन्सरच्या जनुकातला बदल बघायची तपासणी त्याच्यावरच होते, आणि ती पॉझिटिव्ह आली तर कित्येकांना सुरुवातीला केमोऐवजी रोजची गोळी चालते.

कॅन्सरचं औषधपाणी सरकारी योजनेत बसतं का? आमचं पांढरं रेशनकार्ड आहे. (परभणी)

बसतं. महात्मा फुले योजना आता सगळ्या कार्डांना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. दवाखाना योजनेत आहे का ते आधी बघा, तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्याला) भेटा. पेट स्कॅन (कॅन्सर अंगात कुठं पसरलाय ते दाखवणारा) धरतात का तेही आधीच विचारून घ्या, तपासण्यांतच खिसा रिकामा होतो.

कॅन्सरला शेक (रेडिएशन) द्यायच्या मशिनी वाढवल्या की मराठवाड्याचा प्रश्न सुटेल का? (किनवट)

थोडाच. संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कॅन्सर हॉस्पिटल २०१२ पासून आहे, धाराशिव-लातूरवाल्यांना बार्शीचं जवळ पडतं. पण शेक म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, सहा-सहा आठवडे, आणि किनवटवरून संभाजीनगर साडेतीनशे किलोमीटरच्या वर, मग सोबतच्या माणसानं राहायचं कुठं, रोजगार बुडवायचा किती? मशिनीला लागून स्वस्त खोल्या नसतील तर पेशंट अर्ध्यातून गावी जातो, आणि ते मी बघितलंय. केमोचं तसं नाही, प्लॅन मोठ्या दवाखान्यानं लिहून द्यायचा आणि सलाईन जिल्ह्यात लागायचं. २०२५-२६ च्या केंद्राच्या बजेटमध्ये जिल्हा रुग्णालयात डे केअर कॅन्सर सेंटर काढायची घोषणा झालीय, तीन वर्षांत सगळ्या जिल्ह्यांत म्हणे. माझं पहिलं मागणं मात्र साधंय: जिल्ह्याच्या टीबी विभागानं गोळ्यांनी फरक न पडलेल्यांची यादी दर महिन्याला सीटी स्कॅनवाल्यांकडं पाठवावी. तोपर्यंत रेल्वेची सवलत वापरा, कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट माफ आहे, डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर, सोबतच्याला ७५ टक्के सूट.

आईचा आजार शेवटच्या टप्प्यात आहे. रात्रभर कण्हते. मॉर्फिन दिलं तर सवय लागते म्हणतात. (बीड)

ताई, वेदनेसाठी डॉक्टरच्या हिशोबानं दिलं तर सहसा व्यसन लागत नाही, आणि या घडीला तो विचार करायचाही नाही. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचं (दुखणं-त्रास कमी करायच्या सेवेचं) विचारा. गोळी ठरलेल्या वेळेला द्यायची, दुखायची वाट बघून नाही. आणि पोट साफ होण्याचं औषध सोबतच लिहून घ्या, मॉर्फिननं शौचाला घट्ट होतं.