झाडूच्या दांड्यावरचा अर्ज

प्रश्न : आमच्या वॉर्डातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आम्ही बायका आडव्या बाटलीसाठी (मतपत्रिकेवरची आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू) सह्या गोळा करतो आहोत. परवाच्या बैठकीत एका वक्त्या बाईंनी न्यूझीलंडच्या केट शेपर्डचं नाव घेतलं. तिने बायकांच्या सह्यांचे कागद झाडूच्या दांड्याला गुंडाळून संसदेत पाठवले, म्हणे. हे खरं आहे का? ते कागद अजून आहेत का? त्यांची दारू बंद झाली का? आणि आमचे कागद कसे ठेवावेत?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, दांड्याची गोष्ट खरी आहे. तो अर्ज मात्र बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून होता. सह्यांचे कागद गावोगावी फिरून पोस्टाने क्राइस्टचर्चला परत आले. मग केटबाईंनी घरी बसून ते एकाखाली एक चिकटवले आणि दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळले. (दांडा त्यांच्याकडच्या लांब झाडूचा हं, आपल्या फड्याला कुठला दांडा!) एकूण ५४६ कागद, चिकटवून लांबी सुमारे २७० मीटर. संसदेत सर जॉन हॉल यांनी ती गुंडाळी सभागृहाच्या मधोमध सोडली, तेव्हा ती उलगडत जाऊन समोरच्या भिंतीवर धाडकन आदळली. सन १८९३.

पण तुमच्या कामाची गोष्ट त्याच्या आधीची आहे. केटबाई मतदानाकडे वळल्या त्या दारूमुळेच. अमेरिकेहून आलेल्या मेरी लेविट यांच्या दौऱ्यानंतर १८८५ मध्ये तिकडे बायकांची दारूविरोधी संघटना उभी राहिली. बारमध्ये दारू द्यायला बायका ठेवू नयेत, पोरांना दारू विकू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. तो अर्ज संसदेच्या समितीने फेटाळला. ज्याला मत नाही त्याच्या अर्जाची कोण पर्वा करतो, हे तेव्हा त्यांना चांगलंच उमगलं. १८८७ पासून संघटनेत मताधिकाराचं काम केटबाईंकडे आलं. १८९१ च्या अर्जावर नऊ हजारांवर सह्या होत्या, १८९३ मध्ये सगळे अर्ज मिळून ३१,८७२.

दारूवाले काय गप्प बसतात? डनेडिनचे खासदार हेन्री फिश यांनी पैसे देऊन माणसं नेमली आणि उलट्या बाजूचा अर्ज दारूच्या गुत्त्यांतून फिरवला. त्यात खोट्या सह्या निघाल्या आणि त्यांचीच शोभा झाली. हे मुद्दाम लिहिते आहे. तुमच्याकडेही राज्य उत्पादन शुल्क विभागाचे लोक सह्या पडताळतील. सासूची सही सुनेने ठोकली असले प्रकार अजिबात नकोत. अंगठा असेल तर अंगठाच घ्या.

पुढचा तमाशा वरच्या सभागृहात झाला. पंतप्रधान सेडन एके काळी स्वतः दारूच्या धंद्यातले. मताधिकाराचं विधेयक पाडायला त्यांनी एका सदस्याला मत फिरवायला लावलं. ते बघून विधेयकाच्या विरोधातलेच दोघे इतके चिडले, की त्यांनी सेडनना धडा शिकवायला बायकांच्या बाजूने मत टाकलं. २० विरुद्ध १८ मतांनी विधेयक पास! १९ सप्टेंबर १८९३ ला गव्हर्नरची सही झाली आणि नोव्हेंबरात बायका मतदानाला गेल्या. चळवळीचं यश म्हणावं की सेडनची आगाऊ कृपा? माझ्या मते दोन्ही. पण ३१,८७२ सह्या नसत्या तर गोष्ट वरच्या सभागृहापर्यंत पोचलीच नसती.

दारू मात्र देशभर कधीच बंद झाली नाही. १९१९ च्या मतदानात बंदी अगदी हाताशी आली होती, परदेशी असलेल्या सैनिकांची मतं मोजली आणि गेली.

कागदांचं विचाराल, तर १८९३ च्या १३ अर्जांपैकी तो मोठा एकच उरला. तो वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात लोकांना बघायला ठेवलेला आहे. केटबाईंच्या कात्रणवह्या आणि इतर कागद क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियममध्ये आहेत. तिथल्या दहा डॉलरच्या नोटेवर त्यांचं चित्रही आहे.

आता तुमचे कागद. मी ग्रंथालयात जुने कागद सांभाळण्यात नोकरी घालवली, म्हणून हक्काने सांगते. सेलोटेप नको, तो पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन निघतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. स्टेपलची पीन पावसाळ्यात गंजते, त्यापेक्षा सुती दोऱ्याने बांधा. प्रत्येक पानावर वॉर्डाचं नाव, तारीख आणि पान क्रमांक घाला. मोबाइलवर फोटो काढा, झेरॉक्स काढा. आणि गठ्ठा पत्र्याच्या पेटीत गच्चीलगतच्या खोलीत ठेवू नका, नागपूरच्या मे महिन्यात ती भट्टी होते. भिंतीला टेकवूनही नको, वाळवी तिथूनच येते.

अर्जाला वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांच्या सह्या लागतात. पुढे गुप्त मतदान होईल, त्यात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त! घरी बसलेली बाई उभ्या बाटलीच्याच खात्यात जमा होते. म्हणून मतदार यादी आत्ताच मागवा, लग्न होऊन गेलेल्या आणि वारलेल्या बायकांची नावं कमी करायला अर्ज द्या. आणि अर्ज देताना आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.